भीड आणि रेघ

जालना जिल्ह्यातला उन्हाळा कडक. ज्या विहिरीला पाणी टिकून असते, तिच्या काठी भर दुपारी मुलांची टोळी जमते. सर्वांनी धडाधड उड्या टाकल्या, की काठावर उरलेल्या एकट्या मुलाकडे साऱ्यांचे लक्ष जाते. आपल्याला पोहता येत नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. तरीही ‘भित्रा, भित्रा’ असा गलका उठला, की त्याचे पाय कठड्याकडे वळू लागतात. त्याला पाण्यापेक्षा सवंगड्यांच्या हसण्याचे भय अधिक वाटते. हीच भीड. जुन्या माणसांनी तिला भिकेची बहीण ठरवून ठेवले आहे.

पण म्हण पाठ झाली म्हणून भीड सुटत नाही. वर्गात उपदेश सुरू झाला, की मुले शहाण्यासारख्या माना डोलावतात. (तीही एक भीडच!) मैदानावर मात्र ती चटकन उघडी पडते.

मैदानाच्या मधोमध फक्कीची एक रेघ ओढावी. गुरुजींनी विचारावे, “कारले कोणाला आवडते?” ज्याला आवडते त्याने धावत रेघेपलीकडे जावे. दुसऱ्या खेपेस सर्वांनी डोळ्यांवर रुमाल बांधावा आणि जागीच हात वर करावा. दोन्ही मोजण्या बहुधा जुळत नाहीत. कारले आवडणारे बरेच निघतात. एकट्याने रेघ ओलांडणारे थोडे! मग मुले मातीतच गोल करून बसतात.

“तू का थांबलास रे?”

“तू निघाला असतास, तर मीही आलो असतो.”

आणि बोलता बोलता गोष्ट कारल्यावरून विहिरीवर येते.

अमेरिकेत १९५१ च्या सुमारास सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने रेघांच्याच साहाय्याने ही भीड पारखली. दाखवलेल्या रेघेएवढी दुसरी रेघ कोणती, एवढाच सोपा प्रश्न. खोलीतले एक सोडून सारे जण आधीच पढवलेले असत व ठरवून चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना खरे दिसत असूनही सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा त्या चुकीला होकार दिला! मात्र पढवलेल्यांपैकी एकानेही खरे उत्तर दिले, की त्यांचे असे चुकणे झपाट्याने कमी होई.

म्हणून तिसऱ्या खेपेस गुरुजींनी कारले मनापासून आवडणाऱ्या एखाद्या मुलीच्या कानात सांगावे, “तू आधी नीघ.” ती एकटी रेघ ओलांडते, पलीकडे उभी राहते. क्षणभर कोणीच हलत नाही. मग घोळक्यातून एक पाऊल पुढे पडते, त्यामागून आणखी दोन.