सूर्याचे वैरी

मरोळास आम्ही बिऱ्हाड केले त्या वेळी आमच्या सज्जातून उगवते सूर्यबिंब स्पष्ट दिसत असे. समोर बावीस मजल्यांची इमारत उभी राहिल्यापासून दहा वाजेपर्यंत त्याचे दर्शन घडत नाही. मामंजी भिंतीस अर्घ्य देतात, असे सूनबाई हसून म्हणते, आणि ते खोटे नाही. गेल्या माघात तर मनात आले की, जो दिसतच नाही त्यास पाणी देऊन काय साधते? जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेल्या माणसाने असे विचारावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय. पण विचारले खरे.

अशा मनःस्थितीत नातवाच्या पुस्तकातील इजिप्तच्या सूर्यदेवाची चित्रे पाहण्यात आली. त्या देशाचा राजमार्ग म्हणजे नाईल नदी. तेव्हा त्यांचा सूर्यही रथातून न जाता नावेतून जातो. प्रातःकाळी तो भुंगेऱ्याच्या रूपातील खेप्री, मध्यान्ही ससाण्याच्या मस्तकाचा रा, सायंकाळी वृद्ध आतुम. रात्रीचे बारा तास त्याची नाव पाताळातून चालते. ‘‘म्हणजे आपल्या भुयारी मेट्रोसारखी!’’ नातू म्हणाला. मरोळ नाक्याखालून ती २०२४ च्या ऑक्टोबरपासून धावते. उपमा मला तरी वावगी वाटली नाही.

या पाताळात अपेप नावाचा महासर्प सूर्याच्या नावेवर चालून येतो. त्याच्या पारिपत्यासाठी देवळातील पुजारी मेणाचा सर्प करीत, त्यावर थुंकत, डाव्या पायाने तुडवीत, सुरीने कापीत व अग्नीत टाकीत. हे वाचून मी थबकलोच. आपल्या विष्णुपुराणात मंदेह नावाचे राक्षस संध्यासमयी सूर्यास गिळू पाहतात, आणि गायत्रीने अभिमंत्रित केलेले पाणी वज्र होऊन त्यांस जाळते. ते रोज मरतात व रोज पुन्हा येतात. दोन्हीकडे सूर्याचा उदय गृहीत धरलेला नाही. माणसाने त्यास हात द्यावयाचा आहे.

हातावरून आठवले. इ. स. पूर्व चौदाव्या शतकात अखनातोन राजाने इतर देव दूर सारून केवळ सूर्यबिंबाची, म्हणजे आतेनची, उपासना चालविली. त्याच्या शिल्पांत बिंबापासून निघालेल्या प्रत्येक किरणाच्या टोकास मनुष्याचा हात आहे, आणि काही हात राजाराणीच्या नाकाशी जीवनचिन्ह धरतात. आमचा वैदिक सविताही हिरण्यपाणि! त्याच काळी मित्र, वरुण, इंद्र यांस साक्षी ठेवणाऱ्या मितन्नी राज्याशी इजिप्तचा पत्रव्यवहार व सोयरीक होती. एवढ्यावरून आतेन आमच्याकडून गेला असे ठोकून देणारे पंडित आहेत. मला तो मोह आवरता आला, इतकेच.

आपल्याकडे सूर्याचे इतके जुने शिल्प कोठे, म्हणून चैत्रात नातवास घेऊन भाज्यास गेलो. मेट्रोने घाटकोपर, लोकलने कल्याण, पुढे लोणावळे, आणि तेथून पुणे लोकलने एकच स्थानक मळवली. पायऱ्या चढताना नातू दोनदा माझ्यासाठी थांबला. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची ही बौद्ध लेणी. एका विहाराच्या ओसरीत, खोलीच्या दाराशेजारी चार घोड्यांचा रथ कोरला आहे. दोन स्त्रिया बरोबर, एकीपाशी छत्र, दुसरीपाशी चवरी. रथाखाली अक्राळविक्राळ राक्षस चिरडले जात आहेत. काही विद्वान यास मांधाता राजा मानतात, परंतु बहुतेकांचे मत सूर्याचे. मी बहुतेकांत.

लेणी पश्चिमाभिमुख आहेत. म्हणजे दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ या सूर्यानेही उगवता सूर्य पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नातू पंचपात्री घेऊन सज्जात हजर! मुंज व्हावयाची आहे, म्हणून मंत्र मी म्हटला आणि पाणी त्याने टाकले. ‘‘हे अपेपला, हे मंदेहांना,’’ असे करीत तीन अर्घ्यांच्या जागी सात झाली. सज्जा पुसण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.