सेवा करणाऱ्यांचे मन

माणूस कामावर जाताना जेवणाचा डबा नेतो, तसे आपले मनही बरोबर नेतो. हजेरीपटावर मात्र केवळ त्याच्या नावाची नोंद होते. ताप आला, पाय मुरगळला, तर रजेचा अर्ज करता येतो. पण 'मन थकले आहे' असे कोणत्या अर्जात लिहावे? लिहिलेच, तर कामचुकार हा शिक्का बसण्याचे भय. म्हणून पुष्कळ जण मुकाट्याने सोसत राहतात.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या काळात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 अर्भके होती. त्या मातांच्या दुःखापुढे शब्द थिटे पडतात. चौकशी व्हायलाच हवी होती; मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखलही घेतली. मंजूर खाटांहून अधिक रुग्ण, रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांची चर्चा राज्यभर झाली.

परंतु 3 ऑक्टोबर रोजी हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर शौचालय साफ करावयास लावले. पुढे खासदारांविरुद्ध गुन्हा नोंदविला गेला. या प्रसंगाने रिक्त पद एकही भरले नाही, औषधाची एक कुपीही वाढली नाही. तेच काम शिक्षा म्हणून करवून घेतले गेले, तेव्हा ते रोज निष्ठेने करणाऱ्या सफाई कामगारांच्याही मानाला धक्का लागला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली श्रमाविषयी लिहिलेल्या परिपत्रकात हाच विचार मांडला आहे: कामाची थोरवी त्याच्या प्रकारावरून ठरत नाही, ते करणारी व्यक्ती हीच तिचे खरे मोजमाप.

वाचकहो, अर्भकांच्या कक्षातील परिचारिकेचा क्षणभर विचार करा. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांतल्या लेकीसुना हेच काम करतात. एक बाळ हातातून निसटते. त्याला कापडात गुंडाळून आईच्या स्वाधीन करावे लागते आणि पुढच्याच मिनिटाला शेजारच्या बाळाची सलाइन बघावी लागते. रडायला उसंत नाही. बाहेर नातेवाइकांचा संताप, आत वरिष्ठांची खरडपट्टी. रात्रपाळी संपवून ती घरी येते तेव्हा घरची चूल तिची वाट पाहत असते.

30 सप्टेंबर ही तारीख लातूरकरांना समजावून सांगावी लागत नाही. 1993 साली त्याच दिवशी पहाटे किल्लारीची धरणी हादरली आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. मृतदेह बाहेर काढणारे जवान, जखमींवर उपचार करणारे डॉक्टर, पंचनामे करणारे कर्मचारी हेही माणसेच होते. ढिगारे उपसले गेले, नवी गावे वसली. परंतु डोळ्यांनी जे पाहिले, ते कोणत्या गाडीत भरून दूर नेऊन टाकायचे?

अशा वेळी उपदेश पुरत नाही. बायबलमधील एलिया प्रवादी थकून झुडपाखाली आडवा झाला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला आधी झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले. बोलणे त्यानंतर झाले. पुढे अलिशाच्या रूपाने त्याला सोबतीही मिळाला. विश्रांती, अन्न, संवाद, सोबती: हा क्रम आजही तितकाच खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. कामाचा भार व परिस्थिती सुधारणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे यांवर त्यांत भर आहे. वर्षातून एकदा योगशिबिर घ्यावे आणि दोघींचे काम एकीवर टाकावे, याला आधार म्हणता येणार नाही.

रिक्त पदे भरणे शासनाच्या हाती आहे. पण चूक दाखवायची तर चारचौघांत न दाखवता खोलीत बोलावून दाखवणे, मृत्यू पाहिलेल्या कर्मचाऱ्याला दहा मिनिटे बसू देणे, रजा मागणाऱ्याला आधी 'बरे आहे ना?' असे विचारणे, यासाठी शासननिर्णय लागत नाही. मन फारच खचले, तर ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे बोलणे हा दुबळेपणा नव्हे.

आणि आपण? आजाऱ्याच्या समाचाराला जाताना आपण फळे नेतो, प्रार्थना करतो. परतताना त्या खाटेची निगा राखणाऱ्या परिचारिकेला आणि फरशी पुसणाऱ्या मावशींनाही विचारावे, 'आज जेवलात का?' उत्तर ऐकायला मात्र थांबावे.