पुढचे नाणे कोणते?

निपाणीतील तंबाखूच्या वखारी मागे टाकून, संकेश्वरमार्गे बेळगावास येऊन खडेबाजारात शिरावे, तर नाणी जमविणाऱ्याची नजर जुन्या तांब्या-पितळेच्या ढिगाकडे जातेच. खिशात पैसे बेताचे. मग संग्रहात पुढे काय घ्यावे?

शिवकालीन होनाचा मोह कोणास नाही? पण अस्सल होन फार दुर्मिळ आणि बनावटांचा सुळसुळाट मोठा. मुंबई टांकसाळीच्या १९३९ च्या रुपयाचीही तीच गत. जाणकाराने पारखल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये.

माझा कौल तांब्याच्या शिवराईस आहे. एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. ठसा मोठा, तुकडा लहान. म्हणून एखादे अक्षर बहुधा बाहेरच राहते. महाराजांच्या पश्चातही ती दीर्घकाळ पाडली गेली आणि ठसे कोरणाऱ्यांनी कोठे ‘शिव’, कोठे ‘सिव’, कोठे ‘सीव’ लिहिले. तेव्हा चकाकी न पाहता अक्षर पाहावे. आपल्याजवळ नसलेला पाठ मिळाला, तर झिजलेलीही घ्यावी. चिंचेने लखलखीत केलेली मात्र नको (गृहिणींनी रागावू नये!), कारण घासताना अक्षरांची धार जाते.

शेजारी एखादे आदिलशाही तांबेही असावे. बेळगावचा किल्ला विजापूरकरांकडेही होता, हे विसरून या मुलुखाचा संग्रह पुरा होत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलास भेट म्हणून मात्र शिवराई पाठवू नये. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये खाजगी माणसास देशाबाहेर धाडता येत नाही. तो सुटीत घरी आला, की त्याच्या हातावर ठेवावी आणि अक्षरे वाचावयास सांगावीत.