आबा, बाळ पंडित आणि मी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. ज्यांच्याबद्दल हा लेख लिहितोय त्यांचा आवाज मी कधीच ऐकलेला नाही. तरीही मी त्यांचा फॅन आहे! तुम्ही म्हणाल, हे म्हणजे मेसची पोळी न खाताच मेसला शिव्या देण्यासारखं झालं. पण मित्रांनो, काही माणसं आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या गळ्यातून पोचतात. बाळ ज. पंडित माझ्यापर्यंत आमच्या आबांच्या गळ्यातून पोचले.

आजच्या पोरांना हे नाव बहुधा माहीत नसेल. पंडित पुण्याचे. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. पुढे आकाशवाणीवरून क्रिकेटचं धावतं समालोचन चक्क मराठीतून करू लागले. क्रिकेटवर मराठीत भरपूर लिहिलंही. टीव्ही नव्हता त्या काळात मुंबई-पुण्याच्या मैदानात काय चाललंय ते आमच्या नेवासा तालुक्यातल्या बांधावर कळायचं ते अशा आवाजांमुळे.

आमचे आबा सातवी पास. उसाच्या पहिल्या पेमेंटमधून त्यांनी ट्रान्झिस्टर घेतला. वर भोकाभोकांचं चामडी कव्हर. तेव्हा रेडिओला पोस्टात जाऊन लायसन काढावं लागायचं, तेही काढलं. दारं धरायला गेले की ट्रान्झिस्टर बांधावर, आबा वाफ्यात. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं आणि कान तिकडे ठेवायचा. एकदा म्हणे चांगला फलंदाज शतकाजवळ आला आणि आबा खोरं घेऊन तसेच उभे राहिले. पाणी शेजाऱ्याच्या रानात! शतक झालं की नाही ते आबांना आठवत नाही, शेजाऱ्यानं काय काय म्हटलं ते मात्र शब्दन्‌शब्द पाठ आहे.

मी जन्मलो तोवर ट्रान्झिस्टर माळ्यावर गेला होता. पण आबांचं समालोचन चालूच होतं, फक्त मैदान बदललं. धार काढताना म्हशीनं लाथ मारून चरवी सांडली की ओसरीवरून आवाज यायचा, ‘पायचीत!’ जेवताना आज्जीनं न विचारता चौथी भाकरी वाढली की, ‘चौकार!’ पाचव्या भाकरीला आबा ताटावर हात आडवे धरून ‘डाव घोषित’ करायचे. आणि आज्जी रुसून अख्खा दिवस बोलली नाही तर संध्याकाळी हळूच मला सांगायचे, ‘आज निर्धाव षटक गेलं रं बाळा.’

मला वाटायचं हे शब्द आबांनीच काढलेत. शाळेत गेल्यावर पेपरात वाचले तेव्हा कळलं की ते सगळ्या महाराष्ट्राचे आहेत.

जरा या शब्दांकडे बघा. पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत. यातलं ‘चीत’ कुठून आलं? कुस्तीच्या फडातून! आमच्या नगर जिल्ह्यात जत्रेला फड लागतो, तिथं पाठ टेकली की पैलवान चीत. ज्या माणसानं आयुष्यात बॅट पाहिली नाही, त्यालाही ‘पायचीत’ म्हटलं की कळतं, गडी पायानं फसला आणि गेला. ‘डाव’ कुस्तीतही आणि क्रिकेटमध्येही. ‘बळी’ तर गावाला समजावून सांगायची गरजच नाही. सहा चेंडूंचं ‘षटक’, धाव न निघालेलं ‘निर्धाव’. साहेबाचा खेळ, पण बोलायला लागला मराठी! हे सगळे शब्द एकट्या पंडितांनी पाडले असं नाही. पेपरात लिहिणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे क्रीडा संपादक वि. वि. करमरकर (ते मार्च २०२३ मध्ये गेले) तर लिहायचेही आणि मराठीतून समालोचनही करायचे. पण छापलेला शब्द वाचणाऱ्यापुरता असतो. तो न वाचणाऱ्याच्या तोंडी बसवला तो रेडिओनं. आणि आबांच्या लेखी रेडिओ म्हणजे बाळ पंडित.

सप्टेंबर २०१५. गणपतीचे दिवस. मी तेव्हा चौथीत. दुष्काळाचं वर्ष होतं, मांडवात उत्साह कमीच. पेपर साडेनऊच्या एसटीनं यायचा. आबा पारावर बसून वाचत होते. मधेच थांबले, चष्मा काढला. म्हणाले, ‘आपले पंडित गेले.’ ८६ वर्षांचे होते.

पारावर आणखी तिघे होते. एक शिंपीकाम करणारे, एक रिटायर कंडक्टर आणि एक आबांसारखेच शेतकरी. मला वाटलं आता सगळे गप्प बसतील. पण झालं उलटंच. कंडक्टरबाबांनी तोंडापुढे मूठ धरली आणि मैदानाचं वर्णन सुरू केलं. वारा कुठून, ऊन कुठल्या बाजूला, कोण कुठं उभा. शिंपीबाबांनी गोलंदाज पळवला. तिसऱ्यानं फलंदाजाला बाद केलं, आबांनी त्याला नाबाद ठरवला, आणि त्यावरून दोघांचं खरोखरचं भांडण लागलं! चार म्हातारे हसून हसून डोळे पुसत होते. हसण्याचं पाणी कोणतं आणि दुसरं कोणतं, ते मला त्या वयात कळलं नाही. गेलेल्या माणसाला असंही आठवता येतं हे मात्र पक्कं लक्षात राहिलं.

आता हॉस्टेलकडे येऊ. मी मराठी मीडियमचा. पहिल्या वर्षी वर्गात तोंडच उघडलं नाही. उत्तर यायचं, पण इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या बेंचवर गेलेले असायचे. ओरलला तर मी म्हणजे शेवटचा फलंदाज. पॅड बांधायच्या आतच परत.

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला हॉस्टेलची टेनिस बॉल टूर्नामेंट होती. माइकवर बोलणारा सीनियर स्वतःच बॅटिंगला गेला आणि माइक टेबलवर पडून राहिला. मी संघात बारावा, म्हणजे पाणी वाटायला. रूमी म्हणाला, ‘तू रूमवर आबांची नक्कल करतोस ना? कर की इथं.’ मी माइक उचलला. आबांची रीत माहीत होती, आधी मैदान दाखवायचं. वारा मेसकडून येतोय, वासावरून आज वांगं आहे, स्क्वेअर लेगला रेक्टर सरांची मोटारसायकल उभी आहे त्यामुळे तिकडे कोणीही फटका मारणार नाही... पोरं खो खो हसायला लागली. पाच मिनिटांत कट्टा भरला. सहा महिने ज्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता तो मी, थांबेनाच!

आणि तिथंच माती खाल्ली.

आमच्या विंगमधला सोलापूरकडचा एक मुलगा लाँग ऑनला होता. त्याच्याकडून सोपा झेल सुटला. त्याचे तीन विषय राहिलेत हे सगळ्यांना माहीत होतं. मी माइकवर म्हणालो, ‘यांचे विषय सुटत नाहीत, पण झेल मात्र सुटतात!’ दिवसभरातला सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आला. तो मुलगा मान खाली घालून उभा होता. रात्री तो मेसला आलाच नाही.

मी मोठ्या कौतुकानं आबांना फोन करून सगळं सांगितलं. तो विनोदही सांगितला. पलीकडे शांतता. मग आबा म्हणाले, ‘झेल सुटला तवा ऊन कुठं होतं?’

मी म्हणालो, ‘समोर.’

‘मंग ते का नाही सांगितलं? बाळा, पंडित खेळलेला माणूस होता. ज्याच्या हातनं झेल सुटलाय ना, त्यालाच ठावं असतंय ऊन डोळ्यात कसं घुसतं ते. हसवायचं तर वाऱ्याला हस, बॅटीला हस, न्हाईतर स्वतःला हस. पोराला कशापायी चीत करतो?’

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. माइक हातात घेतल्यावर आधी समालोचकाची, म्हणजे माझीच, कारकीर्द सांगितली. शाळेपासून एकूण तीन सामने, एकूण धावा एक, तीही लेगबाय, म्हणजे माझ्या नावावर नाहीच! मग सांगितलं की काल लाँग ऑनला ऊन थेट डोळ्यात होतं, हे सांगायची जबाबदारी माझी होती आणि समालोचकाच्या हातून झेल सुटला. तो मुलगा बॅटिंगला आला आणि दुसऱ्याच चेंडूवर पॅड पुढे घालून बसला. परत जाताना तो टेबलापाशी थांबला, माझ्या हातातून माइक ओढला आणि आबांच्या थाटात ओरडला, ‘पायचीत!’ तेव्हापासून आम्ही दोघं जोडीनं समालोचन करतो. त्याचे विषयही सुटले, हे नोंदवलंच पाहिजे.

याच रूमीनं जानेवारी २०२५ मध्ये मला मोबाइलवर एक बातमी दाखवली. अमेरिकेतले बेसबॉलचे समालोचक बॉब युकर ९० व्या वर्षी गेले. मिलवॉकीच्या संघाचं समालोचन त्यांनी १९७१ पासून तब्बल ५४ मोसम केलं. त्याआधी सहा मोसम स्वतः खेळले, पण खेळ बेताचाच. तोच बेताचा खेळ त्यांनी विनोदासाठी आयुष्यभर पुरवून वापरला. स्वतःवर हसले आणि सगळं गाव हसवलं. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण युकर लगेच कळले. आबांच्या भाषेत, हाही खेळलेला माणूस.

आपल्या जिल्ह्यानं क्रिकेटला श्रीरामपूरचा झहीर खान दिला, जो इंजिनिअरिंग सोडून गोलंदाज झाला. आश्वीचा अजिंक्य रहाणे दिला. मी इंजिनिअरिंग सोडणार नाही, घाबरू नका! पण समालोचनाचा उपयोग झाला तो इथंच. दुसऱ्या वर्षी ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, वॉट गव्हर्नर कसा चालतो? नेहमीप्रमाणे घसा कोरडा. मग आठवलं, आधी मैदान दाखवायचं. मधोमध स्पिंडल. दोन बाजूंना दोन बॉल. खाली स्लीव्ह. आता वेग वाढला, बॉल बाहेर फेकले गेले, स्लीव्ह वर चढली, थ्रॉटल बंद व्हायला लागला आणि वेग पुन्हा आटोक्यात. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. सर हसले आणि म्हणाले, ‘चालू दे, दिसतंय मला.’ ‘दिसतंय’ या शब्दासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

मागच्या मे महिन्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण जीभ जड झाली. ज्या घरात दिवसभर समालोचन चालायचं तिथं आता नुसता पंख्याचा आवाज. दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्यांच्या खाटेजवळ बसलो. काय बोलावं सुचेना. तेवढ्यात गोठ्यात म्हशीनं लाथ मारली आणि चरवी कलंडली. आज्जी ओरडली. आबांचे ओठ हलले, शब्द येईना.

मी तोंडापुढे मूठ धरली. वारा ओढ्याकडून येतोय म्हणालो. ऊन गोठ्याच्या छपरावर आहे. आज्जी पूर्वेच्या टोकाकडून, म्हैस पश्चिमेच्या. आणि मग जे व्हायचं ते झालं...

आबांनी उजवा हात हळूहळू वर केला, एक बोट उभं केलं, अंपायरसारखं. आणि अर्ध्याच ओठानं, पण पूर्ण हसले.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)