चौकटीमागची सही

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरी, गिब्स कलासंग्रहालयात १७११ सालचे एक लहानसे व्यक्तिचित्र जतन केलेले आहे. ते हेन्रिएट शार्लोट शास्तेन्ये या मुलीचे. वय कोवळे, पण मांडणी प्रौढ तरुणीची: ताठ मान, मोठे लंबगोल डोळे, गळ्याशी पांढऱ्या वस्त्राच्या चुण्या. चित्र पेस्टलमध्ये आहे. म्हणजे रंगाची पूड खडूच्या भुकटीत मिसळून, नाममात्र डिंक घालून वळलेल्या कोरड्या कांड्यांनी कागदावर रेखाटलेले. त्याची छापील प्रतिकृती पाहताना माझी दृष्टी प्रथम त्या डोळ्यांवर स्थिरावली. मन मात्र रेंगाळले ते त्या कांड्या धरणाऱ्या हातापाशी.

तो हात हेन्रिएटा जॉन्स्टन यांचा. फ्रान्समधील प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य १६८५ साली काढून घेण्यात आले, तेव्हा ह्युगनो म्हणून ओळखली जाणारी हजारो कुटुंबे परागंदा झाली. हेन्रिएटांचे कुटुंब अशांपैकीच. त्याने लंडनमध्ये आश्रय घेतला. पुढे विवाह, आयर्लंडमधील वास्तव्य, वैधव्य आणि १७०५ मध्ये गिडियन जॉन्स्टन या धर्मोपदेशकाशी पुनर्विवाह. १७०८ साली हे दांपत्य चार्ल्सटनला आले. गिडियन यांच्याकडे तेथील सेंट फिलिप चर्चची जबाबदारी होती. पदाला मान होता, पण प्राप्ती तुटपुंजी. त्यात आजारपण आणि कर्ज. १७०९ मधील त्यांच्या एका पत्राचा आशय असा की, पत्नीने चित्रे काढून हातभार लावला नसता तर जगणेच अशक्य झाले असते. पण इतक्या विरळ वस्तीच्या ठिकाणी हे काम तरी किती दिवस पुरणार?

संसाराच्या या ओढाताणीतच अमेरिकन कलेतिहासाचे एक पहिले पान लिहिले गेले. अमेरिकन वसाहतींतील ज्ञात असलेल्या पहिल्या व्यावसायिक स्त्री-चित्रकार हेन्रिएटा, आणि तेथील पहिल्या ज्ञात पेस्टल-चित्रकारही त्याच. गरजेची खूण त्यांच्या चित्रांवर उमटलेली आहे. आयर्लंडमधील चित्रांत रंग भरदार आहे. कॅरोलायनात मात्र हात आखडता झालेला दिसतो. कागद आणि खडू समुद्रापलीकडून यायचे, ते पुरवून वापरणे भाग होते. म्हणून वस्त्राच्या चुण्या मोजक्या रेषांत सुचविलेल्या, आणि सारी मेहनत चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांवर.

मला ही काटकसर उणी वाटत नाही. पोटासाठी केले ते काम आणि मनासाठी केले ती कला, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. घरखर्च भागविण्यासाठी रेखाटलेला हा चेहरा त्या वाटणीत बसत नाही. जास्तीची रेघ परवडत नव्हती, म्हणून कोणती रेघ आवश्यक आहे हे त्या हाताला ठरवावे लागले. आणि हे ठरविणे म्हणजेच तर कलेची साधना.

१७१६ मध्ये गिडियन यांचा बुडून मृत्यू झाला. हेन्रिएटा चित्रे काढीत राहिल्या. १७२५ साली न्यू यॉर्कला जाऊनही त्यांनी काही व्यक्तिचित्रे केली. १७२९ मध्ये चार्ल्सटन येथे त्यांचे निधन झाले. पेस्टलची पूड कागदाला जेमतेम धरून असते; बोट लागले तरी निघते, म्हणून ती काचेआड जपावी लागते. तरीही त्यांची सुमारे चाळीस चित्रे आज टिकून आहेत.

त्यांतील अनेक चित्रांच्या चौकटीमागील लाकडी फळीवर हेन्रिएटांनी आपले नाव, ठिकाण आणि साल लिहून ठेवले आहे. पाहणाऱ्यासमोर येतो तो शास्तेन्ये घराण्यातील मुलीचा चेहरा. करणारीचे नाव चौकट उलटल्यावाचून दिसत नाही. घर चालविणारे हात बहुधा असेच मागे राहतात. हेन्रिएटांनी त्या मागच्या बाजूला आपल्या हाताने सही केली, म्हणून तीनशे वर्षांनंतरही त्या कष्टाला नाव आहे.