संस्थानिकाचा तनखा आणि येसकराचा हाडोळा



स्पर्धा परीक्षेच्या गाइडात एक प्रश्न असतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सरकारपुढील आव्हाने लिहा. आमच्या कासारसाईची पोरंही त्याचं उत्तर पाठ करतात. फाळणी, निर्वासित, संस्थानं, काश्मीर, धान्याची टंचाई, राज्यघटना, पहिली निवडणूक. सात मुद्दे लिहिले की गुण पदरात. ही यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. अपुरी आहे म्हणतो. ह्या यादीत गाव नाही. आणि जिथं गावच नाही तिथं गावकुसाबाहेरचा म्हारवडा कुठून असणार?

आधी ज्याचं माप त्याच्या पदरात घालू. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत चौदा जणांचं मंत्रिमंडळ बसलं. नेहरू, पटेल, आझाद. आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ. आणि काँग्रेसशी उभा जन्म झगडलेले बाबासाहेब, कायदामंत्री म्हणून. पुढ्यात काय होतं? रक्तानं माखलेली फाळणी. माणसांचे लोंढेच्या लोंढे. इथं आमच्या जवळ पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी पडली. पाचशेच्या वर संस्थानं, प्रत्येकाचा राजा निराळा आणि तोरा निराळा. हैदराबादेत तर सप्टेंबर १९४८ ला फौज घालावी लागली. धान्यावरची नियंत्रणं १९४७ च्या डिसेंबरात उठवली, भाव भडकले, वर्ष सरायच्या आत ती परत लादावी लागली. आणि हे चालू असताना घटना लिहायची, सतरा कोटींच्या वर मतदारांची निवडणूक घ्यायची. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. म्हणून चिन्हं काढली, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. कित्येक बायांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. अशी अठ्ठावीस लाखांच्या आसपास नावं यादीतून गळाली.

हे सगळं त्या सरकारनं निभावलं. खोटं कशाला बोलायचं?

पण माझा सवाल वेगळा आहे. आव्हान कशाला म्हणायचं, हे ठरवतं कोण? ज्याचं दुखणं दिल्लीला दिसलं त्याचं आव्हान झालं. ज्याचं दिसलं नाही त्याचं नशीब झालं. निर्वासितांचंच बघा. पाकिस्तानात अडकलेल्या आपल्या माणसांना तिथलं सरकार सोडीना. का? ती गेली तर झाडू कोण मारणार, मैला कोण उचलणार! डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांना ह्या लोकांसाठी पंतप्रधानांना पत्र लिहावं लागलं. त्याच मंत्रिमंडळात बसलेल्या मंत्र्याला, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला, पत्र लिहून सांगावं लागलं की आमचीही माणसं निर्वासित आहेत. निर्वासितांतही गावकूस होतं, मित्रांनो.

आता संस्थानांचं घ्या. संस्थान म्हणजे काय? वतनच की. फक्त मोठं वतन. आमच्या मुळशीच्या शेजारी भोरचं संस्थान होतं. मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीन झालेल्या संस्थानिकांना सरकारनं तनखे बांधून दिले. तोंडी नाही, घटनेत. २९१ वं कलम. तनखा मिळणार आणि त्यावर कर लागणार नाही. घटना लागू झाली त्या दिवशीच हे कलम तयार होतं. पुढं १९७१ साली सव्विसाव्या दुरुस्तीनं तनखे गेले, तोवर वीस-एकवीस वर्षं पैका पोचत राहिला.

म्हाराचंही वतन होतं. माझा आजा येसकर. येसकर म्हणजे कोण हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. गावाचा बिनपगारी गडी. चावडी झाडायची. पाव्हण्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण टाकायची. मेलेलं ढोर ओढायचं. कुणी मेलं तर सांगावा घेऊन रानावनातून पळायचं. कागद, पट्टीचा पैसा, सगळं कासारसाईपास्नं पौडाला पायी. दिवस म्हणायचा नाही, रात्र म्हणायची नाही. १८७४ च्या ब्रिटिशांच्या वतन कायद्यानं हे काम वंशपरंपरेनं आमच्या गळ्यात बांधलेलं. त्याच्या बदल्यात दारोदारची बलुत्याची भाकर आणि हाडोळ्याचा एक तुकडा. जमीन आमची, पण आमची नाही. काम सोडलं तर जमीन जाणार. जमीन धरली तर काम सुटणार नाही.

बाबासाहेबांनी हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. १९३७ साली असेंब्लीत पुन्हा आणलं. तेव्हा राज्य साहेबाचं होतं. पुढं १९४७ ला राज्य आपलं झालं. २६ जानेवारी १९५० ला तर प्रजासत्ताक झालं. त्या दिवशी आमच्या घरची पाळी होती, असं आजा सांगायचा. त्याच्या शब्दांत सांगतो.

"चावडीवर झेंडा लावायचा व्हता. खांब म्याच रवला. खड्डा म्याच खणला. दोर बी म्याच आनला. आन मंग मला म्हनले, आता जरा लांब हुबा ऱ्हा."

आजा हे हसत सांगायचा. आम्हाला हसू यायचं नाही.

आता तारखा एकाखाली एक मांडा. ह्या तारखा कुठल्याही गाइडात एकत्र सापडणार नाहीत. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५० चा. महार आणि इतर कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा, अंमल १ फेब्रुवारी १९५९ पासून. कायद्याच्या नावातच 'कनिष्ठ' शब्द आहे, तो माझा नाही. लेखणीचं वतन आधी सुटलं, ढोर ओढायचं वतन आठ वर्षांनी. त्या आठ वर्षांत प्रजासत्ताकाचा नागरिक असलेला माझा आजा कायद्यानं वेठबिगारच होता. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. ज्या वतनाविरुद्ध ते १९२८ पासून लढले, ते संपलेलं बघायला ते राहिले नाहीत.

आणि संपलं तेही कसं? संस्थानिकाचं वतन गेलं तेव्हा सरकारनं त्याला पैसा दिला. म्हाराचं वतन गेलं तेव्हा सरकारनं म्हाराकडून पैसा घेतला. जमीन आधी सरकारजमा. मग तीच जमीन परत हवी तर आकाराच्या तिप्पट रक्कम भरा, ठरल्या मुदतीत भरा. नाही भरली तर तुम्ही स्वतःच्या हाडोळ्यावर बेकायदा. परत मिळाली तरी कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, ही अट घातली. ह्या अटीमुळं काही तुकडे सावकाराच्या घशात जायचे वाचले, तेही खरं. पण तिप्पट आकार! आजच्या मानानं ती रक्कम चहापाण्याची वाटेल. ज्याच्या घरी रोख रुपया दिवाळीला दिसायचा, त्याला विचारा. आमच्या आजीनं हातातल्या चांदीच्या पाटल्या मोडल्या. आजा म्हणायचा, "राजाचं वतन ग्येलं तर त्येला घरबसल्या पैका. आमचं ग्येलं तर आमच्या बायकांच्या हातातलं बी ग्येलं."

कुणी म्हणेल, जमीन हा राज्याचा विषय. दिल्लीच्या सरकारला का धरता? मान्य. पण अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम कुणाचं? ते मोडणाऱ्याला शिक्षा ठरवण्याचं काम घटनेनं संसदेकडे दिलं होतं. मुंबई प्रांतात आधीचा एक कायदा होता, पण साऱ्या देशाचा अस्पृश्यता गुन्हे कायदा लागू झाला १ जून १९५५ ला. पाच वर्षांहून जास्त काळ ते कलम दात नसलेल्या तोंडासारखं होतं. ज्याची घाई होती ते पहिल्या दिवशी झालं. ज्याची घाई नव्हती ते सवडीनं झालं.

दुसरा कुणी म्हणेल, घटना तर बाबासाहेबांनीच लिहिली, मग तक्रार कुणाकडे? हा प्रश्न आपल्याला हमखास विचारतात, म्हणून उत्तर तयार ठेवा. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. सभागृहात बहुमत काँग्रेसचं होतं. गाव म्हणजे काय नरक आहे हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला त्याच सभागृहात सुनावलं, तर सभासद खवळले. तीन आठवडे झाले नाहीत तोवर ग्रामपंचायतींचं कलम घटनेत आलं. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला, काम संपताना, त्यांनी बजावून ठेवलं की आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय. मताला समान किंमत राहील, माणसाला राहणार नाही. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते हा डोलारा उधळून देतील. पहिल्या सरकारपुढचं खरं आव्हान कोणतं, हे सरकारच्याच कायदामंत्र्यानं भर सभेत सांगितलं होतं. गाइडवाल्यांनी ते वाचलं नाही, एवढंच.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. लोक सांगतात, हिंदू कोड बिलासाठी दिला. ते खरंच आहे. बायांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं ते बिल सरकारनं अर्ध्यावर सोडलं, आणि पुढं १९५५-५६ साली चार तुकडे करून आणलं. पण राजीनाम्याचं निवेदन पुरतं वाचा. त्यात अनुसूचित जातींची हेळसांड हे कारण उघड लिहिलंय. मागासवर्गांसाठीचा आयोग नेमला नाही, हेही लिहिलंय. परराष्ट्र धोरण आणि काश्मीर आहे. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, हा हिशेब आहे. नियोजनाचं खातं मिळालं नाही, हेही आहे. १९५२ च्या निवडणुकीत ह्याच माणसाला उत्तर मुंबईत पाडलं.

मी कृतघ्न नाही. राखीव जागा नसत्या तर मी आज हा लेख लिहीत नसतो, कुणाच्या तरी वीटभट्टीवर असतो. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती झाली, म्हणून शिक्षणाचं आरक्षण कोर्टाच्या फटक्यातून वाचलं. ते बाबासाहेबांचं देणं आहे, आणि त्या संसदेचंही. पण देणं मानायचं म्हणजे थकबाकी विसरायची असं नाही.

थकबाकी आज कुठं आहे? आमच्या सात-बाराच्या उताऱ्यावर आहे. कासारसाईच्या एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क. दुसऱ्या अंगाला धरण, शनिवार-रविवारी शहरातली माणसं पाण्याला येतात. जमिनीला सोन्याचा भाव. ज्या हाडोळ्याला कुणी फुकट विचारत नव्हतं, त्याच्यासाठी आता एजंट पायताण काढून आमच्या ओट्यावर बसतात. चहा पितात! आजाला लांब उभं करणाऱ्यांचे नातू आमच्या कपातला चहा पितात. अस्पृश्यता गेली म्हणायचं का? नाही, भाव आला. उतारा वाचला की त्यांचा आवाज बदलतो. वतनाची जमीन, नवी शर्त, वर्ग दोन. लगेच भाव निम्मा.

बापाला एका कचेरीत विचारलं, तुमच्या वडलांनी तिप्पट आकार भरल्याचा पुरावा काय? आजाची पत्र्याची पेटी होती. तिच्यात बाबासाहेबांचा फोटो, देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली त्या दिवसाचं जपून ठेवलेलं एक वाळलं फूल, आणि पावती. घडीवर फाटलेली, पण आकडा वाचता येणारी. आजाला वाचता येत नव्हतं. तरी त्यानं ती जपली. सरकारवर विश्वास नव्हता, कागदावर होता. त्या पावतीनं आमचा तुकडा वाचला. शेजारच्या घरात पेटी नव्हती. पावसात सगळं गेलं. त्यांच्या हाडोळ्यावर आता दुसऱ्याचं कुंपण आहे.

म्हणून मित्रांनो, घोषणा देऊन झाल्यावर एक रुक्ष काम करू. मुळशीतल्या, मावळातल्या, आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे बसू. जुने फेरफार काढू. हाडोळ्याचा गट नंबर कुठला, पैसे भरले का, जमीन परत दिल्याचा हुकूम निघाला का, नाव कुणाचं लागलं, आयाबहिणींची नावं लागली का, हे वहीत उतरवू. हुकूम नसेल तर माहितीच्या अधिकारात नक्कल मागू. वकील पोरांनी हे काम अंगावर घ्यावं. कविता त्यांनी नंतर लिहाव्यात.

वस्तीत अजून चार-दोन म्हाताऱ्या आहेत, ज्यांना कुणी पाटल्या मोडल्या आणि कुणी शेळी विकली हे नावानिशी ठाऊक आहे. त्या गेल्या की पुरावा गेला. जिच्या घरी पेटी आहे तिला म्हणावं, पेटी उघड आजी, आम्ही वाचून दाखवतो.