विटाळाचा शब्द आणि पाळीची वही

'विटाळ' हा शब्द आमच्या वाट्याला दोनदा आला. एकदा आमच्या वाडवडिलांच्या सावलीसाठी, एकदा घरातल्या बाईच्या पाळीसाठी. पहिल्या विटाळाला आम्ही १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आव्हान दिलं. दुसरा अजून आमच्याच घरात बसून आहे.

गारगोटीत रविवारच्या वंदनेनंतर आम्ही बायकांच्या आरोग्यावर बैठक ठेवली, तेव्हा काही पुरुष कार्यकर्ते उठायला लागले. एक जण म्हणाले, "समाजाचे एवढे प्रश्न पडलेत, त्यात हा कुठला विषय?" त्यांना आम्ही थांबवलं. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'चे र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेबांनी मांडली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव रोहम यांनी मांडला, त्यामागेही बाबासाहेबच होते. बाबासाहेबांना जो विषय लाजेचा वाटला नाही, तो आपल्याला का वाटावा?

मग एका वहिनींनी विचारलं, "अंगावरून पांढरं जातंय, ते आजारच म्हणायचं का?"

नेहमीच नाही. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे ते भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि रोगजंतूंना थारा मिळत नाही. पाळीच्या रक्ताने ही आम्लता काही दिवस कमी होते, नंतर सावरते. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतलं, तर हे राखणदारच मरतात.

गर्भाशयाच्या तोंडातून येणारा स्रावही महिनाभरात बदलतो. पाळीनंतर कमी असतो. बीज सुटायच्या सुमारास तो अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा पातळ, ताणला जाणारा होतो. नंतर पुन्हा घट्ट. बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. तो दिवस आणि आधीचे पाच दिवस गर्भ राहण्याचे. मात्र घाण वास, खाज, आग, राखाडी किंवा हिरवट स्राव असेल तर तपासणी हवीच. अशा संसर्गात स्रावावरून दिवस ओळखणंही चुकतं. मोबाईलचं ॲप तर बहुतेक वेळा तारखांवरून अंदाज बांधतं. पाळी अनियमित असेल तर त्याच्या भरवशावर गर्भ टाळता येत नाही.

हे माहीत नसण्याची किंमत काय असते? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या; तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले; त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तीस वर्षांनी, २०१९ साली, सरकारी समितीला बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांमध्ये १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पांढरं जातंय, पोट दुखतंय अशा तक्रारींवर कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केल्याचं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. बीडच्या अशाच टोळ्या दर हंगामात आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात ऊस तोडायला येतात. फडाजवळच्या खोपटात ना न्हाणीघर, ना संडास. त्या बायकांत आपल्या जातभगिनीही आहेत. हा समाजाचा प्रश्न नाही, तर कुणाचा?

म्हणून आम्ही मुलींना एक साधी वही ठेवायला सांगतो. पाळीची तारीख, स्राव कसा, दुखणं किती. ही वही तिची स्वतःची. 'मूल का होत नाही' म्हणून सासूने ती तपासायची नाही. त्यासाठी आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यायची. आणि कुणी गर्भाशय काढायला सांगितलं, तर तपासणीचे कागद मागायचे आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं.

'शिका' यात आपलं शरीर शिकणंही येतं. कार्यकर्त्यांनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि उठून जाऊ नका.

जयभीम!